पत्रिकेच्या जाडीची फट

मॉरिस गाडी उत्तम चालत होती, आणि नेमकं तेच सेतुमाधवरावांना बघवेना. कनकलताचं लग्न वैशाखात झालं होतं. परीक्षा संपल्यावर तिला सासरी पाठवायचं ठरलं होतं आणि तो दिवस आता उद्यावर आला होता. लेकीला सासरगावी, ओरत्तनाडूला, आपण स्वतः गाडी चालवत सोडायचं, हा त्यांचा हट्ट. वाटेत गाडी खोकली-शिंकली तर व्याह्यांपुढे शोभा नको, म्हणून त्यांनी राजवाड्यामागच्या गल्लीत, घरासमोरच इंजिन उघडलं, आतला कार्बन खरवडला आणि सगळं पुन्हा जोडलं. गाडी सुरू केली तर टक टक टक टक. करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

शेजारचे राजगोपाल म्हणाले, पंखा कुठेतरी घासतोय. शाळेतले शेषाद्री मास्तर म्हणाले, पिस्टन गेला. दोघांकडेही गाडी नव्हती, त्यामुळे दोघांनाही पक्की खात्री होती. सेतुमाधवरावांनी पंखा काढून बसवला, प्लग बदलले. जखम मांडीला अन् मलम शेंडीला.

नागलक्ष्मीबाईंनी नवऱ्याला बजावलं, की दुपारपर्यंत आवाज थांबला नाही तर व्याह्यांकडे माणूस जाईल, त्यांची गाडी येईल आणि मुलगी तिच्यातूनच जाईल. वाजंत्री लग्नात झाली तेवढी पुरे, असंही वर ऐकवलं. व्याह्यांच्या गाडीचं सेतुमाधवरावांना काही नव्हतं. पण ओरत्तनाडूपर्यंतचा तासभर लेक त्यांच्या शेजारी बसणार होती, आणि तो तास आता हातचा जात होता.

शेवटी कनकलताच पदर खोचून बाहेर आली. लहानपणापासून बापाच्या हातात पाने-पकडी देण्याचं काम तिचंच. तिनं अप्पळाचं, म्हणजे पापडाचं, लाटणं आणलं, एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, काही मोडलं असतं तर एकाच जागी वाजलं असतं. इथे आठही व्हॉल्व्ह सारखेच वाजतात. म्हणजे मोडलेलं काही नाही, माप चुकलं.

"फट कशानं मोजलीत, अप्पा?"

व्हॉल्व्हच्या डोक्यावर अगदी बारीक फट ठेवावी लागते. ती मोजायची पट्टी सेतुमाधवरावांकडे नव्हती, पण लग्नपत्रिकेचा कागद त्या फटीत बरोबर बसतो, असं एका ओळखीच्या ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं होतं. कनकलताच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका घरात होत्याच. त्यातली मापाला वापरलेली एक त्यांनी खिशातून काढून दिली. कोपरा तेलानं काळा झाला होता. कनकलतानं तो नखानं खरवडला, तसा आतून पिवळा पापुद्रा सुटला.

नागलक्ष्मीबाईंनी शुभाची म्हणून प्रत्येक पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळद लावली होती, आणि लेकीच्या लग्नात त्यांचा हात सढळ होता. तोच कोपरा सेतुमाधवरावांनी फटीत घातला होता. सगळ्या फटी दुप्पट झाल्या होत्या, म्हणून सगळे व्हॉल्व्ह वाजत होते.

सेतुमाधवराव पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिले. उद्यापासून पाना कुणाकडे मागायचा, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

पत्रिकेचा मधला, हळद न लागलेला तुकडा कापून दोघं कामाला लागली. ती हँडल फिरवी, ते स्क्रू आवळत. सात झाले. आठव्याला तिनं त्यांचा हात धरला.

"हा एक राहूं द्या, अप्पा."

"वाजंल की तो."

"वाजूं द्या. तिथलं सैपाकघर रस्त्याला लागून अस्से. हा आवाज आला की तुम्ही येऊलेत म्हणून मला कळंल."

सेतुमाधवरावांनी आजवर घरात एकही सैल खिळा खपवून घेतला नव्हता. त्यांनी पाना खाली ठेवला, झाकण लावलं आणि गाडी सुरू केली. सगळं शांत झालं होतं. फक्त एक बारीक टक टक उरली होती.

नागलक्ष्मीबाई दारात आल्या, कान देऊन उभ्या राहिल्या.

"एके ठिकाणी वाजूलं अजून," त्या म्हणाल्या.

"तेवढं हवं अस्से," सेतुमाधवराव म्हणाले.

नागलक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीच्या काळ्या हातांकडे. आणि व्याह्यांकडे निघालेल्या माणसाला हाक मारून परत बोलावलं.