मागाला टांगलेला दगड

मी दगड बोलतोय. एखाद्याला काही कळेनासं झालं की तुम्ही म्हणता, ‘दगड आहेस नुसता!’ मला ते अजिबात आवडत नाही. मी रोज कामावर असतो.

माझा जन्म गावामागच्या खाणीतला. तिथल्या एका कामगारानं मला फोडलं, घासलं, दोरी बसावी म्हणून कमरेला खाच पाडली आणि घरी आणलं. त्याची आई विणकर. हातमागावरचे उभे धागे ताठ राहावेत म्हणून तिला वजन हवं होतं. तिनं मला आपल्या गुडघ्याजवळ लटकावलं. तेव्हापासून मी लटकलेलाच आहे, पण तक्रार नाही.

खाणीत सुरुंग उडाला की जमीन हादरते, मला हिसका बसतो आणि धागे तटातट तुटतात. म्हणून सुरुंगाआधीची शिट्टी झाली की इथला प्रत्येक विणकर आपला दगड उचलून धरतो. आवाज होईपर्यंत सोडायचा नाही, अशी रीतच आहे.

एकदा शिट्टी भलत्याच वेळी झाली. आईनं सवयीनं मला मांडीवर घेतलं. आवाज काही होईना. ती मला धरून बसली ती बसलीच. शेवटी शेजारीण धापा टाकत आली.

“अहो, सुरुंग नाही, दरड कोसळलीय! तुमचा लेक सापडलाय खाली!”

आईचे हात मला गार लागले. दगडाला गार लागले, म्हणजे बघा.

लेक वाचला, पण एक पाय कामातून गेला. खाण सुटली. घरी बसून त्याला मी डोळ्यांसमोर नकोसा झालो.

“फेकून दे तो! या घरात दगड नको.”

माझं धाबं दणाणलं.

“फेक की,” आई म्हणाली, “पण मग त्याच्या जागी तू दोरी धरून बस.”

त्यानं रागारागानं मला सोडलं आणि दोरी धरली. हात भरून आले, तरी हटला नाही. बसल्या बसल्या आईचं विणणं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला परत बांधलं.

“सरक गं जरा. मला विणून बघू दे.”

आता चांगल्या पायानं खालच्या पट्ट्या दाबत माग तोच चालवतो. आई शेजारी बसते. शिट्टी झाली की त्याला मला एका हातानं उचलता येईल, पण तो हाक मारतो, “आई, दगड!”

ती दोन्ही हातांनी मला कसंबसं उचलते.

“मेला दिवसेंदिवस जड होत चाललाय.”

“हो ना. खातो काय कुणास ठाऊक!”

मी आहे तेवढाच आहे. पण तेवढं तिला कुणी सांगू नका.