शुद्ध बोल

सविता, माझी बायको, गेल्या चैत्रात गेली. त्यानंतर माझ्याशी घरात अहिराणी बोलायला कोणी उरलं नाही. मी धुळे तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. वर्गातली ‘शुद्ध मराठी बोला’ ही पाटी मीच लावलेली. सविता म्हणायची, "घरमा तरी मास्तरकी करू नका."

मुलांचं मन कसं सांभाळावं, यावर धुळ्याला आम्हा शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी आमच्या जोड्या लावल्या. एकाने विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्याने तीन मिनिटं नुसतं ऐकायचं. माझ्या वाट्याला रुपचंद सर आले. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "सर, मना जीव लागत नही."

"शुद्ध बोल," माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळे हसले. "लोटन सर, तीन सेकंद तरी थांबायचं!" रुपचंद म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. "खरंच कुणी मूल असं म्हणालं होतं का, सर?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. पंधरा दिवसांपूर्वी आठवीतली दीपमाला मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाजवळ आली होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहते. हेच शब्द ती म्हणाली होती. मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "शुद्ध बोल." ती म्हणाली, "काही नाही, सर." अगदी शुद्ध. तेव्हापासून ती वर्गात एक शब्द बोललेली नाही. चाचणीचा पेपरही तिने कोरा दिला.

सविता गेल्यापासून माझाही जीव लागत नव्हता. म्हणून दीपमालाचं ते वाक्य मला ऐकवेना. पण हे मी मॅडमना सांगू शकलो नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत दीपमाला शेवटच्या बाकावर एकटी बसली होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. वर्गात अहिराणी बोलायला जीभ वळेना, तरी म्हणालो,

"माय, त्या रोज मी तुनं ऐकं नही. मनं चुकनं."

तिने वहीत डोकं खुपसलं.

"मना बी जीव लागत नही."

तिने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, शुद्ध बोला."

माझी मान खाली गेली. मग बाक करकरला. ती भिंतीकडे सरकली होती, आणि बाकावर माझ्यापुरती जागा झाली होती.