कझिन म्हणजे नक्की कोण?

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. जाडजूड, काळ्या कापडी बांधणीचा, पाठीवरची सोनेरी अक्षरं उडालेला. पण वयाकडे पाहून मला कमी लेखू नका. चाळीस हजार शब्द माझ्या पोटात आहेत आणि आजवर मी कुणालाही रिकाम्या हाती परत पाठवलेलं नाही. म्हणजे, एकदा सोडून. ती एक वेळ सांगतो, कारण खोटं बोलणं शब्दकोशाला शोभत नाही.

माझा जन्म गिरगावातल्या एका छापखान्यात झाला. खिळे जुळवणाऱ्याने एकेक अक्षर चिमटीत धरून मला घडवलं. १९३१ साली मी शहापूरजवळच्या एका शाळेत आलो. सावळाराम मास्तरांनी मला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि मुलांना बजावलं, "याला हात लावायच्या आधी आपले हात धुवायचे." तेव्हापासून मी जरा ताठच झालो.

पुढे तानसा तलावावरचा एक साहेब विलायतेला परत जाताना शाळेला पुस्तकांची पेटी देऊन गेला. त्यात एक लाल कादंबरी होती. तिचं पहिलं पान फाटलेलं, त्यामुळे तिचं नाव मलाही कधी कळलं नाही. मास्तर दर रविवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर ती मराठीत सांगू लागले. आधी चारपाच माणसं यायची. १९३८ सालच्या थंडीत ओसरी पुरेना.

गोष्ट साधी होती. मार्था नावाची अनाथ मुलगी. तिला दोघांनी मागणी घातलेली. एक कझिन रॉबर्ट, मोठं घर आणि घोडागाडी असलेला. दुसरा मिस्टर पील, गरीब शिक्षक; मार्थाचं विसरलेलं पुस्तक परत करायला सहा मैल चालत गेलेला. झालं! ओसरीवर दोन तट पडले.

"सहा मैल चालला म्हणून एवढं कौतुक?" काळूराम पोस्टमन म्हणायचा. "मी रोज बारा चालतो. माझी बायको उंबऱ्यात पन येत नाय बघायला!"

"तुमी टपाल घेऊन चालता, काका. तो मनानं चालला," जया म्हणायची.

ही जया म्हणजे भिमाची मुलगी. नुकतीच सातवीची फायनल पास झालेली, माझ्याकडे सगळ्यांत जास्त येणारी. तिला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जाऊन शिक्षिका व्हायचं होतं. अर्ज भरून तयार होता. फक्त बापाची सही हवी होती, आणि बाप म्हणत होता, "गीताताई सांगंल तसं." गीताबाई म्हणजे जयाची आत्या. मुरबाडहून ती भावाकडे मुक्कामाला आली होती, तीच मुळी आपल्या गणूसाठी जयाला मागायला. त्यामुळे जयाच्या अर्जावरच्या सहीचं काय होणार, हे तुम्हीच ओळखा.

आत्याही बैठकीला यायची. अक्षरओळख नाही, पण गोष्ट कान देऊन ऐकायची आणि रॉबर्टच्या बाजूने अशी भांडायची की पीलवाले गप्प बसत. मास्तरांनी पहिल्याच रविवारी 'कझिन'ला 'आतेभाऊ' म्हणून टाकलं होतं. मला उघडलंच नाही!

"आतेचा पोर हाय, घर हाय, गाडी हाय," आत्या बोटांवर मोजून सांगायची. "भावाच्या पोरीवर आतेचा हक्क पयला. मग घोडं अडलं कुठं?"

सातव्या प्रकरणात मार्थाने रॉबर्टला स्पष्ट सांगितलं, 'नो.' त्यावर आत्या हसली. "लाजते गो पोरगी. पयल्यांदा सगळ्याच नाय म्हनतात." सगळी ओसरी हसली. जया खाली मान घालून बसली होती. मला वाईट वाटलं. पण मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलायची माझी रीत नाही.

पुढच्या रविवारी जया मला छातीशी धरून आली. "मास्तर, कझिन म्हणजे आतेभाऊच कशावरून?" तिने पान उघडून मोठ्याने वाचलं, "चुलत, आते, मामे किंवा मावस भाऊ अथवा बहीण."

ओसरीवर एकच गलका झाला. आपल्याकडे यातला फरक केवढा! आतेभाऊ म्हणजे हक्काचा नवरा. मामेभाऊ म्हणजे परतवेल, आईच्या माहेरी परत मुलगी देणं, ती अशुभ. चुलतभाऊ आणि मावसभाऊ तर भाऊच, त्यांना ओवाळायचं. आणि त्या इंग्रजांनी सगळ्यांना एकाच टोपलीत भरलेलं!

मास्तर म्हणाले, "रॉबर्टच्या बापाला मार्था अंकल म्हणते. त्यावरून काढू." पुन्हा मला उघडलं. अंकल : काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा. मास्तरांनी मला मिटलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी खजील झालो. चाळीस हजार शब्द पोटात घेऊन मिरवणारा मी, एका मुलीचा भाऊ कोणता ते सांगू शकलो नाही.

दोन रविवार असेच वादात गेले. अर्ज पाठवायला आता चारच दिवस उरले होते. तिसऱ्या रविवारी अकराव्या प्रकरणात रॉबर्टचं पत्र आलं आणि काळूराम ताडकन उठला. "मास्तर, पाकिटावर नाव काय लिवलंय? आमी मानूस आडनावावरनं शोधतो!"

मास्तरांनी वाचलं. मिस मार्था पेंडल. पाठवणार, रॉबर्ट पेंडल.

"एकच आडनाव!" काळूराम ओरडला. "चुलतभाऊ निघाला की वो!"

आत्याने तोंडावर हात मारला. "अगो बाय! भाऊच की तो! आन मी मेली त्याची वरात काढत व्हते!" सगळी ओसरी हसून लोटपोट झाली. रॉबर्टवाल्यांनी एकमताने रॉबर्टला सोडलं.

जया हसली नाही. ती उभी राहिली. "आत्या, आडनाव एक निघालं म्हणून तुमी त्याला सोडलात. वेगळं निघालं असतं तर तिला गाडीत बसवून दिली असती. तिनं तर सातव्या प्रकरणातच नाय म्हटलं होतं. ते कुणीच ऐकलं नाय."

मार्थाबद्दल ती बोलत नाही, हे सर्वांना कळलं.

आत्या भावाच्या पोरीजवळ सरकली. मग म्हणाली, "ते नाय इंग्रजीत कसं म्हनतात?"

"नो."

"या जाड्यात त्याचा अर्थ काय लिवलाय? दाव."

जयाने पान काढलं. आत्या गणूच्या लग्नासाठी हळकुंडं कुटता कुटता तशीच उठून आली होती. तिने आपलं पिवळं बोट त्या शब्दावर ठेवलं. "वाच."

"नाही. नकार."

"लाजते, असं कुठं लिवलंय काय?"

"नाय, आत्या."

आत्याने बोट उचललं आणि ओसरीवर बसलेल्या भावाकडे, भिमाकडे वळून म्हणाली, "मंग सही कर रे बाबा. गनूला बघंन मी दुसरी." एवढं बोलून ती डोळे पुसत घरी गेली. कझिनपाशी मी तोकडा पडलो होतो. पण नोपाशी माझे दोन शब्द पुरले. त्या दिवसाचा अभिमान मला आजही आहे.

जया पुण्याला गेली. मास्तरांची बदली झाली. नवीन शब्दकोश आला आणि मला एका मोडक्या बाकाच्या पायाखाली सरकवलं. सहा वर्षं मी मुलांचं वजन पेललं. कसरीने कडा कुरतडल्या. विद्येचा भार वाहतो म्हणतात, तो असा! मग एका दिवाळीत शिक्षिका झालेल्या जयाबाई आपली जुनी शाळा बघायला आल्या. त्यांनी मला ओळखलं. माझ्या जागी वीट सरकवली आणि मला मुरबाडला आपल्या शाळेत आणलं.

आज मी तुमच्या कपाटात आहे, मित्रांनो. मला हात लावायच्या आधी हात धुवा. पानं दुमडू नका, वर्षातून एकदा ऊन दाखवा. परवा तुमच्यातलीच एक मुलगी, 'नो'च्या पानावर डाग पडलाय म्हणून, ओला फडका घेऊन आली होती. जयाबाईंनी तिचा हात धरला. तेवढा पिवळा डाग मात्र राहू द्या. माझ्यातला तो एकच अर्थ छापखान्याने घातलेला नाही.