कोरड्या ब्रशचा झेंडू

देवश्रीचं कार्ड हातात घेतलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. झेंडू होता. झेंडूचं काही नाही, दिवाळी नुकतीच झालेली, घरोघरी झेंडूच झेंडू. पण हा आधी पेन्सिलीने आखून घेतला होता आणि मग आत केशरी रंग चोपडला होता, फाटकाला ऑइलपेंट द्यावा तसा. पाणी म्हणून नाही. उजेडासाठी कागद कुठे कोरा सोडलेला नाही. माझ्या मुलीने असं फूल काढावं? पाचवीतल्या पोराने काढलं असतं तरी मी त्याचा कान धरला असता.

मी कुंदा. अमरावतीच्या एका शाळेत उभा जन्म चित्रकला शिकवली. रिटायर झाल्यावर हात गंजू नये म्हणून रोज सकाळी एक फूल काढायला लागले. जाड कागद पोस्टकार्डाएवढा कापायचा, वॉटरकलरची डबी उघडायची, अंगणात जे उमललं असेल ते समोर ठेवायचं. देवश्री लग्न होऊन अकोल्याला गेली तेव्हा तिच्याही मागे ही सवय लावून दिली. मी काढलेलं तिला, तिने काढलेलं मला, पोस्टाने. मागे नुसता पत्ता. मजकूर लिहायचा नाही, मोबाइलवर फोटो पाठवायचा नाही. फुलावरून काय ते कळतंच, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

आणि कळायचंही. रंग मोकळा पसरलेला असला की समजावं, बाईसाहेब मजेत आहेत. पाकळ्यांच्या कडा करकरीत आल्या की अंकुरशी, म्हणजे आमच्या जावयाशी, काहीतरी बिनसलंय. तिला दिवस गेले तेव्हा तिने गोकर्ण पाठवली होती. निळा रंग पाण्यात असा सोडला होता की मी ते कार्ड देवघरात नेऊन ठेवलं. आता चौथा महिना लागला होता, आणि आला काय, तर हा झेंडू.

दोन दिवसांनी पुन्हा झेंडू. मग शेवंती, तीही आखलेली, पाकळ्या मोजून-मापून, आणि देठाला बाजारातून आणलेला तयार हिरवा. हिरवा रंग आपला आपण कालवायचा, हे मी तिला चालायला शिकवायच्या आधी शिकवलं असेन. पण पत्ता तिच्याच अक्षरात होता, म्हणजे कार्ड तिचंच. मी ती कार्डं खिडकीशी नेली, उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली. तिचे हात सुजले असतील का? डोळ्यांपुढे अंधारी येत असेल का? की कोणी डोक्यावर उभं राहून "आटप लवकर" म्हणत असेल?

"कुंदा, कार्ड येऊन राहिलं ना वेळेवर? मग झालं," आमचे वकीलसाहेब म्हणाले. नवरा वकील असला की हे असं. कागद पोचला की त्यांचं समाधान.

"कार्ड येतंय हो. ती येत नाहीये त्यातून."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं डोकं."

फोन मी रोजच करायची. देवश्री बोलायची, पण कशी, तर "ठीक आहे आई, झोपत होते", आणि ठेवून द्यायची. जी मुलगी भाजीत मीठ जास्त झालं तरी अर्धा तास सांगते, ती. मग मी अंकुरला धरलं. तो म्हणाला, "आई, डॉक्टरांनी तिला आराम सांगितलाय. काळजी नका करू. माझी आई आलीय ना तेल्हाऱ्याहून." मला वाटलं, चला, घरात बाईमाणूस आहे. वाटलं, पण घशाखाली उतरलं नाही. रुख्मिणीबाईंचं, म्हणजे या विहीणबाईंचं, आणि माझं लग्नात मानपानावरून वाजलं होतं. आमच्याकडे तीन पिढ्यांची वकिली, त्यांच्याकडे काळी जमीन आणि कपाशी. बाई तोंडाने तिखट. मीही काही साखर नाही.

त्या सकाळी वकीलसाहेबांचे जुने अशील देवीदास दर्यापूरहून आले होते. चहा पिता पिता रडगाणं चाललं होतं, वेचणीला बाया भेटत नाहीत, कापूस झाडावर लोंबून राहिला. "घरची बाई तं भाऊबीजेले माहेरी नाई गेली, वहिनी. वेचणीत शेत कोन सोडते?"

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. ऐन वेचणीत शेत कोण सोडतं? रुख्मिणीबाई सोडून आल्या होत्या. त्या बाईने सख्ख्या भाच्याचं लग्न वेचणीपायी बुडवलं होतं, हे तिनेच मला ऐकवलेलं. नुसत्या आरामासाठी ती तेल्हारा सोडून अकोल्यात येऊन बसली?

"मी अकोल्याला चालले," मी म्हणाले आणि पिशवीत हाताला येईल ते लुगडं-टॉवेल कोंबलं. वकीलसाहेब "अगं, फोन तर कर" म्हणत फाटकापर्यंत आले. कशाला करू फोन? फोनवर सगळे ठीकच असतात.

एसटी बडनेऱ्याला थांबली, मूर्तिजापूरला थांबली, आणि दर थांब्याला माझा जीव वरखाली. सुपडं भरेल एवढे वाईट विचार मनात आले. बाळाला काही झालं असेल हाही आला. तो मी थुंकून टाकला आणि त्या जागी रुख्मिणीबाईंना बसवलं. तिला काय काय बोलायचं ते मूर्तिजापूर ते अकोला घोकत गेले. माझ्या पोरीला ब्रश धरू देत नाही का तुम्ही? चौथ्या महिन्यात तिच्याकडून काय काय करून घेता? रागात असलं की भीती जरा कमी वाटते, म्हणून मी राग काही खाली ठेवला नाही.

गोरक्षण रोडच्या त्या फ्लॅटचं दार रुख्मिणीबाईंनीच उघडलं. मला पाहून त्यांनी उजवा हात पदराआड नेला. नेला तरी मला दिसायचं ते दिसलं. बोटं केशरी झाली होती.

त्यांच्या मागे जेवणाच्या टेबलावर देवश्रीची रंगांची डबी उघडी होती. स्टीलच्या वाटीत एक सुकत चाललेला झेंडू, आणि समोर अर्धं रंगवलेलं कार्ड. पेन्सिलीने आखलेलं. बाजूला कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. देवश्रीला एकदम गठ्ठाभर कार्डांवर पत्ते लिहून तिकिटं लावून ठेवायची सवय. सगळ्या गठ्ठ्यावर माझाच पत्ता.

"ही फुलं तुम्ही काढता?" मी विचारलं.

"मीच काढून राहिली जी," त्या म्हणाल्या. "बसा. पानी घ्या अगोदर."

"देवू कुठे आहे?"

"आत पडली हाये. तुमी बसा." त्यांनी मला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. हात जड होता त्यांचा. "पोर नाई राहिलं जी. पाडव्याले. दवाखान्यात नेलं, पन डाक्टर म्हने, ठोकेच थांबले."

मी टेबलावरची रंगांची उघडी डबी बंद केली.

"तुमाले सांगू नका म्हने पोरगी. कार्ड नाई गेलं तं आई पयत येईन, म्हने, कार्ड गेलंच पायजे. अन् सोता ब्रश हातात धरे नाई. नुसती भिताडाकडे पाहे. मंग म्या म्हटलं, मी काढतो. मले काय येते जी? तोरनातला झेंडू समोर ठेवला अन् आखला." त्यांनी पदराने बोटं पुसली. रंग काही निघाला नाही. "तुमी ओळखलं असन पयल्याच दिवशी."

पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि काहीच ओळखलं नव्हतं. या बाईसाठी आणलेला सगळा राग माझ्याकडे तसाच होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. तेही जमलं नाही. मी उठून आत गेले.

देवश्री भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझी चाहूल लागली तशी वळली, आणि उठून बसत एका दमात बोलायला लागली, "आई, मी पडले नाही. जड काही उचललं नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या. पपई नाही, काही नाही. फक्त एकदा स्कूटरवर मागे बसले होते, ते पण हळू चालवत होता अंकुर. डॉक्टरला विचार."

शाळेत गृहपाठ न आणलेली मुलं माझ्यापुढे अशी उभी राहायची. माझी मुलगी मूल गमावून बसली होती आणि माझ्यापुढे साक्ष देत होती. मला माझीच लाज वाटली. मी तिच्याजवळ बसले, तिच्या कपाळावरचे केस मागे केले. केसांना कित्येक दिवसांत तेल लागलं नव्हतं.

"ओरड आता," ती म्हणाली.

मी नाही म्हणून मान हलवली.

"लहानसहान गोष्टीवर ओरडतेस तशी ओरड ना, आई. स्कूटरवर कशाला बसलीस म्हण. मला का सांगितलं नाही म्हण. ओरडत का नाहीस?"

"नाही ओरडत गं. तुझं काही चुकलं नाही."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. बोलणी बसतायत की नाही, याची वाट पाहत होती बहुतेक.

"तू ओरडत नाहीयेस," ती म्हणाली, "म्हणजे बाळ खरंच गेलं."

आणि ती रडायला लागली. असं रडणं मी तिचं लहानपणीही ऐकलं नव्हतं. रुख्मिणीबाई दारात आल्या, म्हणाल्या, "पाडव्यापासून रडलीच नव्हती जी पोरगी," आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून त्यांनी तिचे पाय मांडीवर घेतले. मी डोकं घेतलं होतं. संध्याकाळी अंकुर आला तेव्हाही आम्ही दोघी तिला तशाच धरून बसलो होतो.