त्रिग्लावच्या माथ्यावरचे तीन फटके

माझी आई झोफ्का आमच्या देशातल्या सर्वांत उंच डोंगराच्या, त्रिग्लावच्या, माथ्याखालच्या गिर्यारोहकांच्या निवाऱ्यात एकतीस उन्हाळे स्वयंपाकीण होती. माथा तिथून तासाभरावर, पण ती कधी चढली नाही, कारण चुलीवरचं पातेलं कधी रिकामं झालं नाही. आमच्याकडे त्रिग्लाव न चढलेल्या माणसाला कुणी पुरता स्लोव्हेन मानत नाही. निवाऱ्यातला प्रत्येक आगाऊ पाहुणा तिचं जवाचं सूप ओरपता ओरपता तिला हे ऐकवायचा. ती हसून पळी आपटायची. मला मात्र ठाऊक होतं, ते तिला लागायचं.

यंदा कामाच्या शेवटच्या दिवशी तिनं ॲप्रन काढून खुंटीला टांगला. "नेझा, दोर घे."

मी वाटाड्याचं काम करते, रोज परक्यांना वर नेते. तरी आईच्या कमरेला दोर बांधताना गाठ मी तीनदा तपासली. वय अडुसष्ट, त्यात उजवा गुडघा कामातून गेलेला.

धारेवर दोन्हीकडे दरी. तिथंच गुडघ्यानं दगा दिला आणि आई आधाराला ठोकलेली लोखंडी तार धरून मटकन खाली बसली.

"आई, परत फिरू या. कुणी काही म्हणणार नाही."

"एकतीस वर्षं म्हणतायत की. चल गुमान."

उरलेली वाट ती जवळजवळ रांगतच चढली.

माथ्यावर पत्र्याच्या मनोऱ्याजवळ पाचसात जण बसले होते. तिला ओळखताच उठले, टोप्या काढल्या. पहिल्यांदा आलेल्याच्या पाठीवर दोराचे तीन फटके मारायची आमची रीत. पण दोर कुणी हातात घेईना.

"मावशी, तुम्हाला कसले फटके?" बायकोशेजारी उभा असलेला मातेव्झ नावाचा दाढीवाला म्हणाला. "तुमच्या सुपाच्या जोरावर तर आम्ही वर येतो."

आईचा चेहरा पडला. "म्हणजे इथंही मी बाहेरचीच?" ती वाकली. "नेझा, तू मार."

पहिला मी नुसता टेकवला.

"पीठ झटकतेस का? नीट मार."

दुसरा जरा लागला. तिसरा सपकन बसला. आई कळवळली, मग सावकाश उभी राहिली. इतकी ताठ मी तिला कधी पाहिली नव्हती. दीडशे वेळा या माथ्यावर आलेय मी, पण अभिमानानं रडले ती त्याच दिवशी.

आईनं माझ्या हातातून दोर काढून घेतला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"तुमच्यात पहिल्यांदा कोण आलंय?"

मातेव्झची बायको पुढं आली आणि आईसमोर वाकली.