बंद दुकानाबाहेरची गर्दी

शाओशिंगच्या माझ्या मामीची खारवून वाळवलेली मोहरीची भाजी साऱ्या चीनमध्ये जाते. आपल्याच देशातल्या एका ऑनलाइन बाजारात तिचं दुकान झकास चाललं होतं. ते मी बंद करायला लावलं. मी शांघायला एका परदेशी ऑनलाइन बाजाराच्या कचेरीत होते, आणि अशी चालती दुकानं आमच्याकडे ओढणं हेच माझं काम.

"तुझ्या शब्दावर येतेय हं, रुईचिन," मामी म्हणाली. "बुडाले तर तुझ्या घरी येऊन बसेन. वर रांधेनही मीच, म्हणजे तुला हाकलता यायचं नाही!"

आमच्या बाजाराच्या उद्घाटनाच्या सकाळी मामीचं दुकान उघडलं आणि बघता बघता पडद्यावर लाल झालं. कुलूपबंद! पाठोपाठ शेजारचं, मग त्याच्या शेजारचं.

"एवढ्या तक्रारी? विकते तरी काय तुझी मामी?" आमचे परदेशी वरिष्ठ, ब्रेनन साहेब, कडाडले. त्यांना चिनी बोलता येई, वाचता येत नसे.

मी तक्रारी वाचून दाखवल्या. "ताई, आहात का?" "मामी, आहात ना? आईला मीठ कमी लागतं." "आहात का हो?"

"यात तक्रार कुठाय?"

"नाहीच, साहेब. पलीकडे माणूस आहे ना, ते बघतात आधी. मग घेतात."

साहेबांच्या देशात माल बिघडला तरच दुकानदाराला लिहितात. त्यामुळे आमची यंत्रणा प्रत्येक निरोप तक्रार म्हणून मोजत होती, आणि तक्रारी फार झाल्या की दुकान आपोआप बंद. कुलूप काढणार परदेशातली मुख्य कचेरी, आणि तिथे तेव्हा रात्र, सगळे गाढ झोपलेले.

निरोप मात्र थांबेनात. हार्बिनच्या बर्फातून, हायनानच्या किनाऱ्यावरून, गोबी वाळवंटाच्या कडेवरून माणसं येतच होती आणि बंद दारावर थाप मारत होती. आकडा वाचता येऊ नये इतका पळत होता. एवढा मोठा आपला देश, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मामीचा फोन आला. "दाराला कुलूप कोणी घातलं गं? गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

साहेब शेजारीच उभे होते. नोकरी जाणार हे कळत होतं, तरी मी बोलले, "मामी, जुनं दुकान उघड. आत्ता."

तिनं उघडलं. मी माझ्याच टेबलावरच्या पडद्यावर ते लावलं आणि पाहत राहिले. कोणी दवंडी पिटली नव्हती, तरी सगळी गर्दी वळून तिथे येत होती. मामीचे हात पुरेनात, म्हणून मीही उत्तरं द्यायला बसले. एका बाईला मीठ कमी करायला भाजी किती वेळ भिजवायची ते सांगितलं, तिनं लगेच चार पुडे मागवले.

मला वाटलं, साहेब आता हाकलतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले.

"काय विचारतायत, वाच ना," ते हळूच म्हणाले.

मी दुपारपर्यंत वाचत होते, आणि लाल झालेली आमची दुकानं बघायला त्यांनी एकदाही मान वळवली नाही.