डाव्याला कुणाचा उजवा

मित्रांनो, मला स्वतःला पाय नाहीत, पण माझं सगळं आयुष्य पायांत गेलं. मी एक जुना प्रोग्राम आहे, संगणकात राहणारा. ज्यांचे दोन पाय सारखे नसतात अशांसाठी एका अरुंद गल्लीतल्या दुकानात बूट बनतात, तिथे मी कामाला आहे. दुकानाच्या कारागिराला सगळे मामा म्हणतात. मला लिहिलं त्यांच्या भाचीने, दुपारच्या सुट्टीत, जेवणाचा डबा मांडीवर ठेवून.

काम सोपं होतं. डाव्या पायांची मापं एका फोल्डरमध्ये, उजव्यांची दुसऱ्यात. एकेका पायाची एकेक फाइल आणि फाइलला त्या माणसाचं नाव. मी दोन्ही फोल्डर उघडायचो. इकडची पहिली फाइल, तिकडची पहिली. इकडची दुसरी, तिकडची दुसरी. अशा जोड्या लावत शेवटपर्यंत जायचो. मग यंत्र त्या मापाचे लाकडी साचे कोरायचं आणि मामा त्यांवर चामडं चढवायचे. खोक्यावरचं नाव मी डाव्या फाइलवरून छापायचो. उजवीचं नाव कधी वाचलंच नाही. जोड्या तर बरोबर लागत होत्या.

"हा बघा, चहा मागत नाही की रजा मागत नाही," असं मामा गिऱ्हाइकांना सांगायचे. मी फुगायचो.

मग जुना संगणक बिघडला आणि नवा आला. जुना माझ्या हातात फाइली नावांच्या क्रमाने द्यायचा. तो त्याचा चांगुलपणा होता, मी ती माझी हुशारी समजत होतो. नवा कोणतीही फाइल आधी द्यायचा. मला फरक कळलाच नाही.

त्या आठवड्यात दोनच कामं होती. एक शाळकरी मुलगी, आणि ठेंगण्या, निवृत्त नर्सबाई. मुलीच्या डाव्याला मी बाईंचा उजवा लावला, बाईंच्या डाव्याला मुलीचा. मामांनाही शंका आली नाही. त्या दुकानातला कोणताच जोड दिसायला सारखा नसतो.

मुलगी आईबरोबर बूट न्यायला आली. वर्गाची सहल टेकडीवर जाणार होती आणि या वेळी पहिल्यांदाच तीही चढणार होती. आधीचे बूट तिने दोनदा परत केले होते.

"टोचतंय का गं कुठे?" मामांनी विचारलं.

"नाही."

"नीट सांग. पुन्हा फेऱ्या मारायला लावू नकोस," आई म्हणाली.

"नाही म्हटलं ना."

सहल होऊन गेली. त्यानंतर नर्सबाई आल्या. इतके दिवस त्या लेकीकडे होत्या, खोकं आजच उघडलं होतं. बूट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मामा, हा उजवा कोणाचा? माझा पाय वाकडा आहे, नजर नाही."

भाचीने मला उघडलं, वरून खाली वाचलं आणि कपाळाला हात लावला. मामांनी लगेच मुलीच्या आईला फोन केला.

संध्याकाळी दोघी आल्या. मोजा काढला तर उजवी टाच सोललेली.

"पायथ्याशी बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या हिने," आई सांगू लागली. "हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. ही एका शब्दाने बोलली नाही."

"का नाही सांगितलंस, बाळा?" मामांनी विचारलं.

मुलगी फरशीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, माझाच पाय वाईट आहे. बूट तर नवीन होते."

मित्रांनो, चूक माझी होती आणि मान तिने खाली घातली होती. मला चेहरा असता तर तो कुठे लपवावा ते कळलं नसतं. मामा तिच्यासमोर खाली बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाले, "पाय बरोबर आहे. आम्ही चुकलो." भाची हळूच म्हणाली, "मी चुकले." माझ्यावर कोणी रागावलंच नाही. तेच मला जास्त लागलं.

आता मी आधी फाइली नावांप्रमाणे लावून घेतो. दोन्ही नावं वाचतो, आणि ती जुळली नाहीत तर थांबतो. पण ती टेकडी काही मला परत देता आली नाही.

नवा जोड घालायला मुलगी आली तेव्हा मामांनी पुन्हा विचारलं. तिने आईकडे पाहिलं, बराच वेळ पाय हलवून पाहिला.

"करंगळीपाशी. थोडंसं."

"शाब्बास," मामा म्हणाले आणि बूट काढून घेतला.

मित्रांनो, टोचलं तर सांगा. तुम्ही गप्प बसलात की आमच्यासारख्यांना वाटतं, सगळं ठीक चाललंय, आणि आम्ही तीच चूक पुढच्या पायाला करतो.